एमएफए केल्यावर पुढे काय? चित्रकार आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुला-मुलींच्या पालकांसाठी

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक पालक भेटायला आले. त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत तिला ए ग्रेड मिळाली होती. बारावीनंतर सीईटी देऊन ती बीएफएला लागली आणि आता शेवटच्या वर्षाला आहे.

खुर्चीवर बसता बसता ते म्हणाले, "मॅडम, चार वर्षं झाली. आता म्हणते, आणखी दोन वर्षं एमएफए करायचं, आणि तेही बडोद्याला जाऊन. मी नाही म्हणत नाही. पण एवढं सांगा, या दोन वर्षांनी तिला मिळणार काय? नोकरी लागेल का? आणि हे तसवीर काढण्याचं काम आपल्या दीनमध्ये चालतं का, हे तिची दादी रोज विचारते. वर एक रिश्ता पण आलाय."

चारही प्रश्न रास्त होते. त्यांना मी काय सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हेच प्रश्न अनेक घरांत आहेत आणि नीट माहिती नसल्यामुळे मुलांचं नुकसान होतं.

अशा एका नुकसानाला मी स्वतः जबाबदार आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वालिद दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं, पण हात मुलात उतरला होता. त्यानं विचारलं, "टीचर, मी पुढे काय करू?" मी म्हटलं, "एटीडी कर, शाळेत ड्रॉइंग टीचर होशील. तेवढं पुरे." त्यापुढचं मलाच माहीत नव्हतं. त्यानं एटीडी केलं आणि कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहिला. नंतर एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "कॉलेजात शिकवायची फार इच्छा होती. त्याला बीएफए, एमएफए लागतं हे कळलं तोवर घरची जबाबदारी अंगावर आली होती." तो रागावला नाही. पण त्या दिवसापासून कलाशिक्षणाचे हे सगळे कागद मी समजून घ्यायला लागले.

कोणत्या कागदानं कोणतं दार उघडतं?

आपल्या राज्यात सुरुवात होते ती शासकीय रेखाकला परीक्षांपासून, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे बहुतेक पालकांना त्या ठाऊक असतात. गुण मिळाले की चित्रकला संपली, असंच बहुतेक घरांत होतं. खरं म्हणजे इथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट शाळेत शिकवण्याची. त्यासाठी आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे एटीडी, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुढे आर्ट मास्टर (एएम) आहे. जीडी आर्ट किंवा बीएफए झालेल्यांसाठी कलाशिक्षणाची पदविका, म्हणजे डिप. ए. एड., आहे. या पदविका राज्याच्या कला संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. हे संचालनालय १९६५ साली स्थापन झालं.

दुसरी वाट पदवीची. कुठल्याही शाखेतून बारावी झाल्यावर राज्य सीईटी सेलची एएसी सीईटी देऊन चार वर्षांच्या बीएफएला प्रवेश मिळतो. या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असे पेपर असतात. शासकीय महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं आहे आणि २०२३ मध्ये जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्याचं अभिनव कला महाविद्यालयही जुनं आणि नावाजलेलं आहे.

बीएफएनंतर दोन वर्षांचं एमएफए. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात याच पदवीला एमव्हीए, म्हणजे मास्टर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स म्हणतात. नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नये, दर्जा तोच आहे.

एमएफए झाल्यावर कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि इतर राखीव गटांना यात ५ टक्के सूट आहे. शिवाय यूजीसीची नेट पास व्हावं लागतं, किंवा यूजीसीच्या नियमांप्रमाणे केलेली पीएचडी लागते. नेटमध्ये 'व्हिज्युअल आर्ट' हा स्वतंत्र विषय आहे. दोन पेपर असतात. पहिल्यात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दुसऱ्या पेपरात कलेचा इतिहास, सौंदर्यशास्त्र, साधनं, तंत्रं हे सगळं येतं. म्हणजे नुसता हात चांगला असून भागत नाही, वाचावं लागतं. व्यावसायिक चित्रकार म्हणून काही वर्षं सातत्यानं प्रदर्शनं करणाऱ्यांसाठी यूजीसीनं वेगळी वाट ठेवली आहे, पण तिथेही प्रथम श्रेणीची पदविका आणि केलेल्या कामाचा पुरावा लागतो.

थोडक्यात, एमएफए झालं म्हणून शाळेची नोकरी आपोआप मिळत नाही आणि एटीडी झालं म्हणून कॉलेजचं दार उघडत नाही. मुलाला कुठे शिकवायचंय हे बारावीच्या आसपास ठरलं, तर पुढची वर्षं वाया जात नाहीत.

एमएफएच्या दोन वर्षांत होतं काय?

त्या वालिदांना वाटत होतं की चार वर्षं चित्रं काढली, आता आणखी दोन वर्षं तीच काढणार. तसं नाही.

बीएफएमध्ये शिक्षक विषय देतात आणि मुलं ते काम करतात. समोर वस्तू ठेवतात, मॉडेल बसवतात, निसर्गचित्राला बाहेर नेतात. एमएफएमध्ये विषय कुणी देत नाही. "तुला काय सांगायचंय?" असं विचारतात. विद्यार्थी स्टुडिओत स्वतःचं काम करतो, ठरावीक दिवसांनी ते भिंतीवर लावतो आणि शिक्षक, सोबतची मुलं त्यावर बोलतात. हा रंग का, हा आकार एवढा मोठा का, असे प्रश्न येतात आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं. सोबत सेमिनार असतात, बहुतेक ठिकाणी लेखी प्रबंधिका असते आणि शेवटी परीक्षकांसमोर प्रदर्शन.

मी बी.एड. केलंय, म्हणून मला हे पटकन समजलं. एखादी गोष्ट स्वतःला येणं वेगळं आणि ती दुसऱ्याला उलगडून सांगणं वेगळं. आपल्या मोहल्ल्यात हुनर कमी नाही. कुणी मेंदी काढतं, कुणी जरीकाम करतं, कुणी खत लिहितं. संभाजीनगरचे हिमरू विणणारे कारागीर आहेत. पण आपण जे करतो ते का करतो, याआधी कुणी केलं, यापुढे काय करता येईल, हे शब्दांत सांगायची सवय आपल्याला नसते. एमएफएमध्ये ती सवय लागते, आणि शिक्षकाला तीच लागते.

उदाहरण म्हणून गुलाममोहम्मद शेख यांचं आयुष्य बघा. जन्म १९३७ चा, गुजरातमधल्या सुरेंद्रनगरचा. बडोद्याला ललित कलेत एमए केलं, मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकून १९६६ मध्ये तिथली पदवी घेतली. परत येऊन बडोद्यातच आधी कलेचा इतिहास शिकवला आणि नंतर १९९३ पर्यंत चित्रकला. ते गुजरातीत कविता लिहितात. २०१४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. चित्रकार असून त्यांनी कितीतरी वर्षं इतिहास शिकवला, कारण उच्च शिक्षणात त्यांनी तो अभ्यासला होता.

आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेले सय्यद हैदर रझा आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग जे. जे. मध्ये, आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगवत सुरुवात केली, हे आपण मुलांना कौतुकानं सांगतो. पण लाखात एखादा हुसेन होतो. बाकीच्यांना शिक्षणाची शिडी लागते, आणि ती रझांनीही वापरली.

नोकरीचं खरं चित्र

इथे मी पालकांना गोड बोलून फसवत नाही. शाळांमध्ये पूर्णवेळ कलाशिक्षकांच्या जागा कमी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अर्धवेळ निदेशक असावेत असं लिहिलंय. अर्धवेळ म्हणजे मानधनही अर्धवटच. आणि आम्ही शिक्षकही कमी दोषी नाही. परीक्षा जवळ आली की चित्रकलेच्या तासाला गणित घेतो. मीही घेतलंय.

तरी जागा आहेतच. केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयांत कलाशिक्षकांची पदं असतात आणि तिथे ललित कलेची पदवी चालते. शहरांतल्या मोठ्या खासगी आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांना बीएफए-एमएफए झालेले शिक्षक हवे असतात, पण तिथे इंग्रजीत शिकवता यावं लागतं. कला महाविद्यालयांत आणि डिझाइनच्या संस्थांत नेट झालेल्यांना संधी आहे, तीही बऱ्याचदा आधी कंत्राटी आणि मग कायम अशी.

आणि चित्रकार म्हणून कमाई? पहिली काही वर्षं फक्त चित्रं विकून घर चालेल असं समजू नये. बहुतेक चित्रकार शिकवत शिकवत काम करतात. शिकवण्यातून घरखर्च भागतो आणि चित्राला घाई करावी लागत नाही. म्हणूनच चित्रकार आणि शिक्षक ही जोडी जुनी आहे. ज्यांना थेट व्यवसायात जायचंय त्यांनी उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट, हा विषय पाहावा. त्यात अक्षररचना, पॅकेजिंग, जाहिरात असं काम येतं. जे. जे. मध्ये शिकलेले र. कृ. जोशी यांनी मंगल हा देवनागरी फॉन्ट तयार केला. कितीतरी जणांनी कंप्युटरवर पहिलं मराठी अक्षर त्याच फॉन्टमध्ये वाचलं असेल. सुलेखनही पोटापाण्याचं शिक्षण होऊ शकतं, ते असं.

पैसा कुठून आणायचा?

फीपेक्षा सामानाचा खर्च घाम काढतो. कॅनव्हास, रंग, कागद, प्रिंटमेकिंगची प्लेट हे सगळं महिन्याच्या महिन्याला लागतं. त्यासाठी या गोष्टी माहीत असू द्या.

राज्यात शिकत असाल तर महाडीबीटी पोर्टलवर कला संचालनालयाच्या नावाखाली वेगळ्या योजना आहेत, त्या उघडून बघा. तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात, पण दाखलाच काढलेला नसतो. जात प्रमाणपत्र, वैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला ही कामं बारावीतच करून ठेवा. केंद्रीय विद्यापीठासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, तो वेगळा काढावा लागतो.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. त्यात दोन वर्षं महिना ५,००० रुपये मिळतात आणि चित्र-शिल्पही त्यात बसतं. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर संशोधन करताना महिना ३७,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून बंद झाली आहे. जुनी माहिती वाचून तिच्या भरवशावर राहू नका. शैक्षणिक कर्जासाठी राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करता येते.

दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात एमएफए आहे आणि त्यात 'आर्ट एज्युकेशन' हा वेगळा विषयही आहे, म्हणजे कलाशिक्षक घडवण्याचाच अभ्यास. तिथे मुस्लीम विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यातही मुस्लीम मुलींसाठी, राखीव जागा आहेत.

दादीचा प्रश्न

तसवीर जायज की नाजायज, यावर मी फतवा देऊ शकत नाही. ते माझं काम नाही. सजीवांचं चित्र आणि मूर्ती याबद्दल अनेक उलेमांचं मत कडक आहे, फोटोबद्दल मतं वेगवेगळी आहेत. झाडं, डोंगर, इमारती, नक्षी, भूमितीय आकार आणि खत्ताती याबद्दल मात्र वाद नाही. आपल्या घरचे ज्यांना मानतात त्या आलिमांना मुलीसमोर बसून विचारा, तिच्या पाठीमागे नको.

अभ्यासक्रमाबद्दल जे माहीत असायला हवं ते मी सांगते. चित्रकला आणि शिल्पकला या विषयांत माणसाचा चेहरा आणि देह समोर बघून काढावा लागतो, त्याचे गुण असतात. ते टाळून बीएफए पेंटिंग होत नाही. ज्या घराला ते मान्य नसेल त्यांनी प्रवेशाच्या वेळीच टेक्स्टाइल डिझाइन, सिरॅमिक, अंतर्गत सजावट किंवा उपयोजित कला यांचा विचार करावा. प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षी घरात भांडण झालं, असं व्हायला नको.

एमएफएमध्ये विषय स्वतःचा असल्यानं ही अडचण बरीच कमी होते. नसरीन मोहमदी यांची चित्रं बघा. जन्म १९३७, कराची. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकल्या, मग पॅरिसला. १९७२ पासून १९९० मध्ये इंतकाल होईपर्यंत त्यांनी बडोद्यात शिकवलं. त्यांच्या प्रौढ कामात माणूस नाही, प्राणी नाही. कागदावर पेन्सिल आणि शाईच्या सरळ, बारीक रेषा आहेत. शेवटच्या वर्षांत आजारानं शरीरावरचा ताबा सुटत होता तरी रेषा डगमगू दिली नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेट ब्रॉयर हे कलादालन उघडलं, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचं काम होतं.

मुलींबद्दल थोडं वेगळं

रिश्त्याच्या प्रश्नावर मी त्या वालिदांना एकच विचारलं: मुलाकडच्यांना मुलीच्या शिक्षणाबद्दल स्पष्ट सांगितलंय का? निकाहनंतर शिकू देऊ असं तोंडी ठरतं आणि पुढे राहून जातं, हे मी पाहिलंय. दोन वर्षं थांबणारे लोक असतात. नसतील तर तेही आधीच कळलेलं बरं.

झरीना हाश्मी अलीगढच्या. १९५८ मध्ये अलीगढ मुस्लीम विद्यापीठातून गणितात पदवी घेतली, लग्न झालं, आणि त्यानंतर पॅरिसला प्रिंटमेकिंग शिकल्या. पुढे अमेरिकेत राहून काम केलं, शिकवलं. १९९९ मध्ये त्यांनी घराच्या आठवणींवर ३६ लाकडी ठशांची मालिका केली. प्रत्येक चित्रासोबत एक उर्दू शब्द आहे. आपली मादरी जबान जगातल्या मोठ्या कलादालनांत त्यांनी भिंतीवर लावली. लग्नानंतरही शिक्षण होतं, पण घरच्यांची साथ असली तरच.

बडोद्याला किंवा दिल्लीला पाठवण्याआधी पालकांनी स्वतः एकदा जाऊन यावं. वसतिगृह पाहावं, स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारावं. वर्षअखेरीच्या सुमारास बहुतेक कला महाविद्यालयांत मुलांच्या कामाचं प्रदर्शन असतं. त्या वेळी गेलात तर तुमची मुलगी तिथे काय करणार ते डोळ्यांनी दिसेल.

आतापासून काय करायचं?

बीएफएच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनी पंधरा-वीस निवडक कामांचा पोर्टफोलिओ तयार ठेवावा. प्रत्येक कामाचा दिवसाच्या उजेडात सरळ फोटो काढावा, खाली आकार, माध्यम आणि वर्ष लिहावं. स्केचबुक फेकू नये, मुलाखतीत ते आवर्जून बघतात. आपल्या कामाबद्दल एक पान लिहून काढावं, आधी उर्दूत किंवा मराठीत, मग इंग्रजीत. घरच्या भाषेत सांगता आलं नाही तर इंग्रजीत नुसते मोठे शब्द येतात. प्रात्यक्षिक परीक्षा आणि मुलाखत दोन्हींची तयारी करावी, आणि राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात काम पाठवावं. निवड झाली तर पोर्टफोलिओत एक ओळ वाढते.

शाळेतल्या मुलांच्या पालकांना एवढंच सांगणं आहे की इंटरमिजिएटचे गुण मिळाल्यावर रंगांची पेटी माळ्यावर टाकू नका. मुलाचा हात चांगला असेल तर बारावीच्या आधी एकदा एखाद्या कला महाविद्यालयात घेऊन जा.

त्या दिवशी दोन तास बोलणं झालं. त्या वालिदांनी सगळं एका जुन्या बिलबुकाच्या मागे लिहून घेतलं. होकार दिला नाही, नकारही नाही. दारापर्यंत गेले आणि वळून विचारलं, "मॅडम, बडोद्याला रेल्वेनं किती तास लागतात?"

मी सांगितलं, मुंबईहून पाच-सहा तास. अल्लाह करो, त्यांनी तिकीट काढलं असेल.